रोज एकदा हलवायची

आमच्या शेजारच्या निनादच्या बिअरचं तुम्हाला सांगितलं का? इथं झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे तो. घरीच बिअर केली, वीस बाटल्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात ठेवल्या आणि मला किल्ली देऊन महिनाभर पुण्याला गेला.

"काकू, नुसती मुरू द्यायची. आल्यावर साहेबांना पाजायचीय."

मुरू द्यायची म्हटल्यावर माझ्या जिवाला कुठली चैन! रोज खाली जाऊन एकेक बाटली हलवायची, ऊन पडलं की बाल्कनीत मांडायची. निनाद परतल्यावर साहेब जेवायला यायच्या दिवशीही मी सकाळी हलवून आले.

मलाही बोलावलं होतं. निनादनं ऐटीत पहिली बाटली उघडली आणि फेसाचं कारंजं थेट साहेबांच्या शर्टावर!

"काकू, हलवली होतीत?"

"रोज! नाहीतर बुरशी नाही का धरणार?"

निनाद पांढराफटक. चाचरत जर्मनमध्ये सगळं सांगितलं, तर साहेब चष्मा पुसत हसायलाच लागले. म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! माझी आई कोबीच्या बरणीला असंच करायची."

आता नव्या बाटल्यांवर चिठ्ठी आहे, 'काकू, हे लोणचं नाही.' हात नाही हो लावत मी. फक्त चिठ्ठी वाचायला रोज खाली जाते.