दुखतंय पोट, धाडलं डोक्याच्या डॉक्टरकडे

...पण मी म्हणतो, दुखतंय पोट, तर डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला? नळ्या घालून झाल्या, रक्त तर इतकं काढलं की डासांनाही लाज वाटावी, आणि पोटाचा डॉक्टर म्हणतो काय? 'रिपोर्ट नॉर्मल!' अहो, मग जेवल्याबरोबर पळतं कोण, मी की रिपोर्ट?

तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंग शिकवतो. माझे विद्यार्थी आधी पेट्रोलपंपाच्या संडासासमोर ब्रेक मारायला शिकतात, मग गियर टाकायला! एक बाई विचारतात, 'सर, आपण रोज इथंच का वळतो?' काय सांगू? म्हटलं, 'वळण महत्त्वाचं असतं, बाई!'

लग्नकार्यं सोडली, मित्र सोडले. बायको होती तोवर संडासाच्या दाराबाहेरून 'बरंय ना हो?' विचारायची. ती गेली... आता कडीच लावत नाही. कुणासाठी लावू? पण रिपोर्ट नॉर्मल!

तर डोक्याच्या डॉक्टरीणबाई. शांत आवाज. 'दुखणं खरं आहे हं तुमचं. पोट आणि मेंदू एकमेकांना घाबरवतायत.' उदासीवरची गोळी दिली, अगदी कमी ताकदीची, म्हणे आतड्याच्या नसा निवतात. पोट फुगवून श्वास घ्यायला शिकवलं. आणि मग विचारलं, 'शेवटचं कुणाबरोबर जेवलात?'

...आठवेचना हो! टीव्हीबरोबर, म्हटलं.

'मग या आठवड्यात कुणाकडे तरी जेवायला जा. संडास कुठंय ते आधी न विचारता!'

म्हणजे मारलंच की! जवळची म्हणजे एक ताई. बायको गेल्यापासून ना मी तिच्याकडे, ना ती माझ्याकडे. मला वाटायचं, रागावलीय. फोन केला, तर म्हणाली, 'ये की...' पण आवाज पडलेला.

गेलो. श्वास घेत, सोडत, जिना चढलो, आणि दारातच पोटात कळ! भावोजींनी दार उघडलं. म्हटलं, 'ताई कुठंय?' त्यांनी संडासाच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

'कधीपासून?'

'तीन वर्षं!' भावोजी म्हणाले. 'कुठं जात नाही, येत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल!'

मी दाराला तोंड लावलं. 'ताई... बरंय ना गं?' आतून आधी हुंदका आला, मग हसू. 'मला वाटलं, तूच रागावलायस रे!'

आता दर रविवारी जेवतो आम्ही एकत्र. डॉक्टरीणबाईंकडेही जोडीनं जातो. पळापळ कमी झालीय, गेली नाहीये. पण तक्रार कुणाकडे करणार? लोकांचं रक्ताचं नातं असतं... आमचं पडलं आतड्याचं!