दार वाजवायची रीत

— बसा हो, बसा, इस्त्री तापायला जरा वेळ लागतो — आणि खरं सांगू का, या शर्टाला इस्त्रीची गरजच नाही, कालचीच कडक आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. तुम्ही चौकशीला आलात, हो ना? लाजता कशाला, मुलीचा बाप म्हटल्यावर चार ठिकाणी विचारायलाच हवं, न विचारता देतात ते बाप कसले! वरच्या खोलीतल्या त्या वायरमनबद्दलच ना? वाटलंच मला. आल्यापासून मान वर करकरून त्या खिडकीकडे बघताय. काय सांगितलं त्यानं तुम्हाला — पहिली बायको नांदली नाही, आणि उजवा हात मशीनमध्ये गेला? बरं. मशीन. असू दे मशीन. गोड बोलला असेल, पाया पडला असेल, तुमच्या हातातली पिशवी घेतली असेल — घेतली ना? तसाच आहे तो. लहानपणापासून तसाच. म्हणजे — लोक सांगतात, लहानपणापासून.

त्याचं सांगायचं तर आधी गल्लीचं सांगावं लागेल, कारण ही गल्ली नसती तर त्याचा हात आज सरळ असता. इथं कुणाचं कुणाशी नातं नाही, भाऊ. तारेचा कारखाना निघाला तेव्हा जो तो कुठून कुठून आला, एकाची भाषा दुसऱ्याला धड कळेना, एकाचा देव दुसऱ्याला चालेना, नळावर रोज हाणामारी. भिंती म्हणाल तर पत्र्याच्या नि फळ्यांच्या — याला खोकला आला की त्यानं पाणी प्यावं! तर तेव्हा पलीकडच्या टोकाला एक लेथवाला राहायचा. बायकोला मारायचा. सगळ्यांना ऐकू यायचं. आणि सगळे काय म्हणायचे? त्यांचं घर आहे, ते बघून घेतील. एका रविवारी, भर दुपारी, ती ओरडत होती, ओरडत होती — इकडं लोक जेवत होते, कुणी रेडिओ मोठा केला, कुणी पोरांना बाहेर खेळायला पिटाळलं — आणि मग ती ओरडायची थांबली. लोकांना बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोलू, हुश्श केलं लोकांनी, आणि संध्याकाळी कळलं की त्यानं पाना घालून तिचं डोकं फोडलं होतं. दुसऱ्या दिवशी नळावर भांडण नाही. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. हंडे भरून वाहत होते नि बायका खाली मान घालून उभ्या.

तेव्हा त्या वायरमनच्या आईनं रीत घातली. तो तेव्हा लहान होता, तिच्या कडेवरनं नुकताच उतरलेला. ती म्हणाली, यापुढं कुणाच्या घरातनं ओरडणं ऐकू आलं की ज्याला पहिलं ऐकू येईल त्यानं हातात असेल ते घेऊन बाहेर पडायचं — डाव असो, पातेलं असो, चप्पल असो — आणि त्या घराचं दार वाजवायचं, दार उघडेपर्यंत वाजवायचं. दुसऱ्यानं ऐकलं की त्यानं यायचं. चूक कुणाची ते विचारायचं नाही, आधी दार उघडायचं. लोक हसले तिला. विधवा बाई, नवऱ्याचा धाक नाही, लोकांच्या घरात नाक खुपसतेय — असंच म्हणाले. पण मग ड्रायव्हरच्या घरी झालं, दारू पिऊन आला होता तो, आणि ही एकटी जाऊन पातेल्यावर डाव हाणत उभी राहिली. मग दूधवाली आली, मग वेल्डर, मग वेल्डरची म्हातारी काठी टेकत टेकत. ड्रायव्हरनं दार उघडलं तर बाहेर सगळी गल्ली. कुणी बोट लावलं नाही त्याला. नुसते बघत उभे राहिले. दारू उतरली त्याची.

मग काय, अंगवळणीच पडलं. एकदा तर शिंपिणीच्या घरातनं किंकाळी आली, आम्ही सगळे धावलो, पातेली बडवली, तर शिंपी अंगाला साबण लावलेला, टॉवेल सावरत बाहेर — म्हणे पाल पडली हो तिच्या अंगावर! काय हसलो होतो! पण आलो होतो सगळे, कळलं का, एकजात सगळे. पाहुणे यायचे, म्हणायचे, तुमच्या गल्लीतली माणसं फार चांगली. माणसं काय हो, इथूनतिथून सारखीच — फक्त इथं प्रत्येकाला माहीत असायचं की भिंतीपलीकडं कुणीतरी ऐकतंय. त्यावर पोरं वाढली, लग्नं झाली. भाषा वेगळी, देव वेगळे, पण आवाज आला की जायचं एवढं एक सगळ्यांचं सारखं. तेवढ्यावर गल्ली उभी होती.

आणि यात सगळ्यात पुढं कोण? तुमचा वायरमन. आवाज आला की पहिला तो. कुणाचा फ्यूज उडाला, कुणाचा पंखा बंद पडला, पैसे न घेता शिडी खांद्यावर टाकून हजर. ड्रायव्हर पुन्हा एकदा प्यायला होता तेव्हा यानं त्याला गटारात आडवा घालून चपलेनं झोडपला, नाकातनं रक्त येईस्तोवर, आणि लोकांनी शाबासकी दिली. आईला त्याच्या ते काही आवडलं नव्हतं. दार वाजवायचं म्हटलं होतं, माणूस वाजवायचं म्हटलं नव्हतं, असं म्हणाली ती त्याला. तो हसला. पण चार माणसं कौतुक करत होती, तिनंही जास्त ताणलं नाही.

मग सून आली. दवाखान्याच्या धुलाईत कामाला होती पोरगी, उंचीपुरी, हसायची तर नाक्यापर्यंत ऐकू जायचं. त्याला आवडायचं ते हसणं — आणि लग्नानंतर आवडेनासं झालं. असतात ना असे. हळूहळू तिचं हसणं कमी झालं, मग कामावर जाणं बंद झालं, कुणी विचारलं तर वायरमनच उत्तर द्यायचा, तिला बरं नाही. ओरडणं? नाही हो, ओरडणं कधीच ऐकू आलं नाही. कसं येईल? रीत त्याला पाठ होती. तो मारायच्या आधी तिच्या तोंडात टॉवेल कोंबायचा. ओला टॉवेल. आणि वर कमरेच्या पट्ट्यानं बांधायचा. आवाज आला तरच गल्ली येते, आवाज नाही आला तर गल्ली येत नाही — एवढा साधा हिशेब. जी गोष्ट आम्ही बायकांना वाचवायला केली, तिच्यातनंच यानं भोक शोधून काढलं. हुशार. वायरमन ना, कुठली तार कुठं तोडायची ते बरोबर कळतं.

त्या दिवशी सकाळची वेळ, कारखान्याला सुट्टी होती, सगळे घरी. आणि एकदम काच फुटली. ती तीच खिडकी, बघा, अजून पुठ्ठा लावलाय तिला. काचेतनं हात बाहेर आला. पोरीनं हात घातला होता काचेत, तोंड बंद म्हणून. मनगटापासून कोपरापर्यंत फाटलेला, आणि तो हात हलत होता, असा, असा, बोलवत होता — आणि मग कुणीतरी आतनं ओढून घेतला. काचांवरनं ओढला. खाली छपरावर रक्ताचा टपटप आवाज. गल्ली बाहेर आली. डाव, पातेली, सगळं हातात. आणि खिडकी कुणाची ते बघितलं, आणि थांबली. कळतंय का तुम्हाला? थांबली. एकानंही भांडं वाजवलं नाही. जिनं रीत घातली तिचंच घर! सगळे तिच्याकडे बघायला लागले. दूधवालीनं पातेलं खाली घेतलं, आणि हळूच, अगदी मायेनं म्हणाली — ताई, तुमचं घर आहे, तुम्ही बघून घ्या.

तेच शब्द. लेथवाल्याच्या वेळी बोलले होते तेच. तिला वाटलं, आता आपण गप्प बसलो तर लोक पातेली घेऊन आपापल्या घरी जातील आणि पुन्हा कधीच बाहेर येणार नाहीत, पुन्हा नळावर माना खाली. आणि दुसरं मन म्हणत होतं, पोटचा गोळा आहे गं, आधी एकटी वर जा, समजाव त्याला, चार भिंतीत मिटव. उभीच राहिली ती. मग चालू इस्त्रीचा प्लग उपटला, आणि वायर पायऱ्यांवर फरफटत जिना चढली, आणि हातातल्या गरम इस्त्रीनं दारावर दणके घालायला सुरुवात केली. आतनं तो म्हणाला, आई, तू खाली जा, आरसा पडलाय नुसता. मी म्हटलं, दार उघड. तो म्हणाला, सांगितलं ना जा म्हणून. मी म्हटलं —

काय?

हो. मीच म्हटलं. आता तोंडातनं गेलंच तर गेलं. मी त्याची आई. बसा हो, उठू नका, अर्धं ऐकून गेलात तर त्याचा काय उपयोग? दारावर तिकोनी डाग आहे, जळका, वर जाल तर दिसेल. मी जिन्यावरनं खाली ओरडले, या सगळे! माझंच घर आहे, म्हणून म्हणते या! — आणि आले ते. वेल्डरनं खांद्यानं दार पाडलं. पोरगी मोरीत पडली होती, तोंडात टॉवेल, एका कानातनं रक्त, आणि तो तिच्या जखमेवर पाण्याचा नळ सोडून फरशी धूत होता. फरशी! मी तिला मांडीवर घेतलं, पट्टा सोडला, टॉवेल काढला — टॉवेलबरोबर दातही आला. त्या वेळी माझ्या हातात ती इस्त्री पुन्हा असती ना, तर मीच... जाऊ दे.

त्याला त्यांनी केसांना धरून जिन्यावरनं खाली नेलं. प्रत्येक पायरीवर डोकं आपटल्याचा आवाज मी वर बसून ऐकत होते. मग मधोमध गल्लीत घेतला. ज्यांचे पंखे यानं फुकट दुरुस्त केले त्या बायकांनी पातेल्यांनी हाणला. दार वाजवायची ती पातेली. शिंपी, पालीवाला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो लाथा घालत होता आणि रडत होता. ड्रायव्हरनं त्याच्या मनगटावर पाय दिला, हात फरशीच्या कडेवर धरला, आणि वेल्डरनं हातोडा आणला. एकेक बोट. तो आई आई करत होता. मी खिडकीतनं म्हटलं, पुरे. कुणी ऐकेना. अजून मोठ्यानं म्हटलं, पुरे करा रे, मरेल तो! अहो, माझं ऐकून लोक बाहेर पडायचे आणि माझंच ऐकायला कुणी तयार नाही. सुरू कधी करायचं ते मी सगळ्यांना शिकवलं होतं, भाऊ. थांबायचं कधी, ते शिकवायचं राहूनच गेलं. आणि त्यांचे चेहरे — एरवी रागावलेली असतात ना माणसं, तसे नव्हते. सुखावले होते.

मग माझ्या मागनं पोरगी उठली. भिंत धरून खिडकीशी आली आणि ओरडली. शब्द नाही, नुसती ओरडली — इतके दिवस आत दाबलेलं सगळं. आणि सगळ्या गल्लीनं एकदम मान वर केली. सवय ना! ओरडणं ऐकलं की वळायचंच. हातोडा तसाच वर राहिला. तेवढ्यात मी खाली जाऊन त्याच्या अंगावर आडवी पडले.

दवाखान्यात त्यानं सांगितलं मशीन, आणि गल्लीनं माना डोलावल्या. पोरीनं सांगितलं आरशावर पडले. मीही डोलावली मान. ती बहिणीकडे गेली. डाव्या कानानं ऐकू येत नाही तिला, पण परवा फोनवर हसली, चांगली खळखळून हसली. इथं म्हणाल तर तेव्हापासून कुणी बायकोवर हात उचललेला नाही. शांत आहे गल्ली. नवरा-बायको भांडतात तेही कुजबुजत, पोरगं पडलं तर आई आधी त्याच्या तोंडावर हात ठेवते — उगाच कुणी यायला नको म्हणून. पाहुणे अजून म्हणतात, माणसं चांगली आहेत.

आणि तो? तो भांडी घासतो माझी, त्या वाकड्या बोटांनी. आवाज चढवत नाही. पाय चेपतो. माझ्या ताटात आधी वाढतो. तुम्हाला वाटेल, सुधारला. मलाही वाटलं होतं, कुठल्या आईला वाटणार नाही?

घर कुठं घेतलंय ते सांगितलं का त्यानं? नदीपलीकडं, त्या नव्या इमारतीत. मला दाखवायला नेलं होतं. किती खूश होता! म्हणाला, आई, भिंती बघ केवढ्या जाड, आणि दारं बघ, बंद केली की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मग तो खाली किल्लीवाल्याकडं गेला, मी एकटीच होते. दार उघडं ठेवलं, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले. होती नव्हती तेवढी ताकद लावून, घसा फाटेस्तोवर, मेले मेले, वाचवा. समोर एक माणूस आपल्या दाराला चावी लावत होता. चांगला कपडेवाला माणूस. त्यानं एकदा मागं बघितलं, दार उघडलं, आत गेला आणि कडी लावली.

शिट्टी ऐकलीत? तोच आला. हा शर्ट धरा — नाही, पुढनं नको, मागच्या बोळानं जा. जा म्हणते ना!