बघायचं, पण हात लावायचा नाही

…आणि मी म्हणते, अर्धी बातमी सांगून लिफ्टमधून उतरायचंच कशाला? आं? एक तर सांगू नका, नाहीतर पुरती सांगा! तुम्हाला सांगते, मी कोबीची पिशवी सांभाळत उभी, पुढ्यात नवव्या मजल्यावरच्या दोघी, आणि एक दुसरीच्या कानाशी लागून म्हणतेय, "दा-ऊनच्या बाबांना म्हणे सरकारी कचेरीच्या फाटकावर धरलं, आतली माहिती बाहेर…" आणि उघडलं लिफ्टचं दार! गेल्या दोघी! बाहेर काय? बाहेर विकली? बाहेर सांडली? मला जायचं बाराव्यावर, तोवर माझा जीव टांगलेला.

आता दा-ऊनचे बाबा म्हणजे आमच्या समोरच्या दारातला सोंग-ग्यू. इतका गरीब माणूस की लिफ्टमध्ये कुणाचा पाय याच्या पायावर पडला तर हाच क्षमा मागतो. बायको ह्यो-जूला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. असल्या माणसाला धरलं? आणि मी स्वस्थ बसू? आमचे हे म्हणाले, "तू यात पडू नकोस." जन्मभर बस चालवली ह्यांनी, आरशात मागचं सगळं दिसायचं, पण तोंडातून शब्द नाही. मी कुठली गप्प बसायला! सोंग-ग्यूच्या घरचा डबा माझ्याकडे होताच, आणि शेजाऱ्याचा डबा रिकामा कुणी परत करतं का? भरली त्यात मुळ्याची आंबवलेली तिखट किमची आणि दाबली घंटी.

दार ह्यो-जूने उघडलं, डोळे सुजलेले. आत सोंग-ग्यू बैठ्या टेबलाशी, समोर शेवया फुगून गार झालेल्या.

"मावशी, धरलं नाही हो," माझं तोंड बघूनच तो म्हणाला. "बसवून ठेवलं."

"फरक काय रे?"

"कॉफी दिली."

झालं काय, की आत शिरताना तिथे फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, आतला फोटो कुणी काढू नये म्हणून, आणि बाहेर पडताना ती जशीच्या तशी दिसली पाहिजे. याची खिशातल्या किल्ल्यांना घासून निघाली. रखवालदार म्हणतो, "निघाली म्हणजे तुम्हीच काढली." हा म्हणतो, "अहो, फोन उघडून बघा, एक तरी फोटो आहे का?" तर तो म्हणतो, "फोन उघडायला साहेबांची परवानगी लागते." आणि साहेब? जेवायला! गेली की नाही दुपार?

"बरं, ते झालं," मी म्हटलं, "पण आतली माहिती बाहेर, ते काय?" तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली… म्हणजे आहे! काहीतरी आहे!

तुम्हाला सांगते, मला जेवढं कळलं तेवढं असं. सरकारचे कागद आता कपाटात नसतात, क्लाउडवर असतात, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या भल्यामोठ्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या खोल्या समजा. सोंग-ग्यूची कंपनी एक पहारेकरी विकते, माणूस नव्हे, संगणकातला, आणि तो सांभाळायला सोंग-ग्यूला त्या कचेरीत बसवलंय. तो सगळ्या खोल्यांवर फिरतो आणि कुठे दार उघडं दिसलं की पडद्यावर लाल दिवा लावून बोंबलतो.

"मग चांगलंय की!" मी म्हटलं.

"बोंबलला ना, मावशी. लावल्या लावल्या बोंबलला."

एक खोली अख्ख्या जगाला उघडी! हा धावत मेंग साहेबांकडे. मेंग साहेब म्हणजे तिथले ह्याच्या कामावरचे अधिकारी. खुर्चीतून न उठता, असे, चष्म्यावरून बघत म्हणाले, "सोंग-ग्यू, तुम्ही बाहेरच्या कंपनीचे. तुमच्या करारात काय लिहिलंय? बघायचं, हात लावायचा नाही."

"साहेब, एक बटण दाबलं की…"

"बघायचं! हात लावायचा नाही!"

"मग तुम्ही दाबा."

"खोली माझ्या विभागाची आहे का?"

कुणाची आहे मग? कुणालाच माहीत नाही! सरकारी माणसं एका खुर्चीत बूड टेकतात न टेकतात तोच बदली. ज्याने ती खोली घेतली तो आता मासेमारी खात्यात. ह्याने शोधून फोन लावला, तर तो म्हणतो, "मी आता माशांचं बघतो."

आणि ह्या पहारेकऱ्याला तरी सुख आहे का? तिथे प्रत्येकाच्या टेबलावर दोन संगणक, एकाला बाहेरचं जग, दुसऱ्याला फक्त आतलं, मधे भिंत. पहारेकऱ्याला रोज ताजी खबर लागते, चोर हल्ली कुठल्या वाटेने येतात त्याची, आणि ती येते बाहेरून. आत न्यायची तर अर्ज, शिक्का, तपासणी, पुन्हा शिक्का… खबर आत पोचेस्तोवर चोर वाट बदलून मोकळे!

बरं, सरकारचंच असं म्हणावं, तर अधूनमधून तो देजॉन शहरातल्या एका विमा कंपनीत जातो, तिथलं सगळंच उलटं. तिथल्या साहेबाने आल्या दिवशी सगळ्या किल्ल्या ह्याच्या ओंजळीत ओतल्या, "हवं ते करा हो, फक्त आम्हाला कळवू नका, इशारा आला की आमची माणसं घाबरतात!" एकीकडे बघायचं पण हात लावायचा नाही, दुसरीकडे हात लावायचा पण बोलायचं नाही, आणि मधे ह्या पोराची चटणी.

मी म्हटलं, "अरे, त्या उघड्या खोलीत आहे तरी काय?"

"माहीत नाही."

"बघ की!"

"आत डोकावायला वेगळी परवानगी लागते, मावशी. जगातला कुणीही घरबसल्या डोकावू शकतो. मी डोकावलो तर गुन्हा."

"मग मी डोकावते! मी कुठे सही केलीय?"

"मावशी!" ह्यो-जू अशी किंचाळली की त्यांची लेक दा-ऊन जागी झाली.

पण खरं संकट पुढेच होतं. पुढच्या आठवड्यात मोठे संचालक पाहणीला येणार, ते बघणार की पडदा हिरवा आहे का लाल, आणि त्यावर ठरणार, करार पुढे चालू ठेवायचा की दुसऱ्या कंपनीला द्यायचा. करार गेला की कंपनी ह्याला नारळ देणार. इकडे बायकोचे दिवस भरत आलेले! आणि मेंग साहेब काय म्हणतात? "पडदा हिरवा करा."

"दार लावल्याशिवाय कसा होईल, साहेब?"

"पहारेकऱ्याला सांगा, त्या खोलीकडे बघू नकोस."

घ्या! इतके दिवस हात लावायचा नाही, आता बघायचंही नाही! आणि उद्या चोरी झाली तर मान कुणाची? सोंग-ग्यूचीच! लाल ठेवला तर नोकरी जाते, हिरवा केला तर अब्रू. तुम्हीच सांगा, माणसाने करावं काय?

तर ह्या गरीब माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "साहेब, तेवढं लेखी द्या." लेखी म्हटल्यावर मेंग साहेबांचा चेहरा असा झाला, जसं कुणी पाठीत बर्फ घातलाय. दिलं का? कशाला देतील!

पाहणीचा दिवस. ह्यो-जू माझ्याकडे येऊन बसली, मी तिला बार्लीचा चहा दिला. तिकडे संचालक पडद्यासमोर उभे. "हे लाल काय आहे?" सगळी कचेरी बुटांकडे बघायला लागली. शेवटी सोंग-ग्यूच म्हणाला, "साहेब, एक खोली जगाला उघडी आहे."

"काय आहे तिच्यात? उघडा!"

आता खुद्द संचालकांनीच सांगितल्यावर कसली परवानगी! उघडली… आणि आत कोण? संचालक! ॲप्रन बांधून, लाल रबरी हातमोजे घालून, गरिबांसाठी कोबीला मसाला चोळताना! गेल्या हिवाळ्यातल्या दानाच्या किमचीचे फोटो! त्यांच्या आईला तिकडे मोकपो गावी घरबसल्या बघता यावेत म्हणून कचेरीतल्या कुणीतरी दार उघडं ठेवलं, आणि झाली त्याची बदली, माशांच्या खात्यात.

"अरेच्चा," संचालक म्हणाले, "आई रोज जेवताना बघते हे!"

आता दार कोण लावणार? मेंग साहेब? त्यांची काय बिशाद! "राहू द्या तूर्त," संचालक म्हणाले, "पण पहारेकरी जागा आहे हो! आणि एवढं लाल आहे म्हणजे लक्ष ठेवायला माणूस हवाच. करार वाढवा!"

सोंग-ग्यूने फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ह्यो-जू फोन धरून रडली, मी पण रडले, कशाला ते विचारू नका.

मग रद्दी-प्लास्टिक निवडून टाकायच्या दिवशी खाली त्या नवव्या मजल्यावरच्या दोघी सापडल्या. म्हटलं, आज पुरती बातमी सांगतेच! इत्थंभूत सांगितली. एक म्हणते, "म्हणजे फाटकावर धरलं होतं."

"बसवून ठेवलं होतं! कॉफी दिली!"

"आणि आतलं बाहेर गेलं होतं."

"…फोटो. पण त्याने नव्हे!"

"मग मी काय खोटं बोलले?"

निम्मं खरंच होतं की! तेवढ्यात सोंग-ग्यू आला, बाळाच्या पाळण्याचं खोकं घेऊन. मी त्याला बाजूला ओढलं, "अरे, संचालकांच्या आईने एव्हाना ते फोटो पुरते बघितले असतील. मोठ्या साहेबांना विचारून आता तरी दार लावून घे!"

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, हळू बोला हो. दिवा हिरवा झाला तर मला कशाला ठेवतील? हल्ली कचेरीत गेल्या गेल्या मी आधी तेवढंच बघतो… लाल आहे ना!"