सिदबाची हाळी

ऐका. आधी बसा नीट. ए बाबल्या, तो मोबाईल ठेव खिशात, त्याचा उजेड माझ्या डोळ्यात जातोय. हौसा, तू बी बस गं. च्या दिऊन झाली न्हवं सगळ्यांना? मग बस. तू बसल्याबिगर मी आज तोंड उघडनार न्हाई.

तर, मावळतीच्या टोकावरच्या भुताची गोष्ट. हसता कशापायी? ठावं हाय म्हनता? आसनारच ठावं. मीच सांगितलीया तुम्हाला धा येळा. वरल्या बंगल्यातल्या पावन्यांना तर शंभर येळा सांगितली आसंल. दारू पिऊन कड्यावरनं पडलेला सिदबा, रातीचा झिंगत येतो आन् बिडी मागतो! पावनी मानसं खिदळायची. त्या भुतावर मी लई च्या प्यालोय, पोरांनो. आन् ती गोष्ट सगळी खोटी हाय.

आज खरी ऐका. उद्या पुनव. तुम्ही पावन्यांना घिऊन चांदन्यातनं कड्याच्या वाटंनं जानार, कागद बी छापलेत म्हनं. म्हनून सांगतो. न्हाईतर हे माझ्यासंगं मसनात गेलं आसतं.

पन्नास वर्सं झाली. सिदबा आन् मी, दोघं मिळून पावन्यांना पॉइंट दावायचो. हौसाचा बा, सिदबा ढेबे. नव्या पोरांना ठावं नसंल म्हनून सांगतो. त्याला जाऊन तवा वरीस झालं व्हतं, आन् मी एकटाच पावनं फिरवत हुतो. आश्विनातली गोष्ट. मावळती बघता बघता पावन्यांना उशीर झाला. त्यांना बंगल्यावर पोचवस्तवर काळाकुट्ट अंधार. खानसामा म्हनला, "म्हाळू, गाडीरस्त्यानं जा. कड्याच्या वाटंला तुझा जोडीदार भेटंल." पावनं बघत व्हतं. पावन्यांम्होरं माघार घिऊ व्हय मी? म्हनलं, "भूत? भुताचा बा हाय मी!" आन् निघालो. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडं. जित्याची खोड, दुसरं काय!

पयला पॉइंट बगळ्याचा माळ. तिथवर काय न्हाई. नदीचा आवाज खालनं येतोय, रातकिडं वरडत्यात, मी आपला गानं म्हनत चाललोय. माळ सोडला, वळन घेतलं, आन् म्होरनं हाळी आली.

"हूऽऽऽऽ!"

थांबलो. आता आपल्यातली रीत तुम्हाला ठावं हाय. धुक्यात दोघं चालले की म्होरल्यानं दर वळनाला हाळी द्यायची, मागल्यानं ओ द्यायचा. ओ आल्याबिगर म्होरल्यानं वळन सोडायचं न्हाई. ओ न्हाई आला तर माघारी फिरून हुडकायचं. आपल्या आज्यापंज्यापास्नं हीच रीत. पन त्या राती धुकं नव्हतं! आकाशात चांदन्या दिसत हुत्या! मग हाळी कोन देतंय?

मी ओ न्हाई दिला. कसा देनार? आवाज वळखीचा व्हता.

चार पावलं टाकली. पुन्यांदा हाळी. आता जवळनं. आन् बघता बघता दरीतनं धुकं उठलं, बाबा! खालनं वर, दूध उतू येतं तसं. चांदन्या गेल्या. वाट गेली. बॅटरी दाबली तर बॅटरी पिवळी पडली आन् इझली. दुसऱ्यांदा दाबली, तिसऱ्यांदा दाबली. काय न्हाई! माझी पाचावर धारन बसली. माघारी फिरावं म्हनलं, तर माघारी कुठलं आन् म्होरं कुठलं, कळंना. हातानं खडक चाचपत चाललो.

हात खुर्चीच्या दगडाला लागला. दुसरा पॉइंट. तिथं टेकलो, आन् कानापाशी कोन तरी बोललं. हळू. पावन्यांशी बोलायचा ना सिदबा, तशा मऊ आवाजात.

"पावनं, हितं उभं ऱ्हावा. डाव्या अंगाला खाली बघा. ती आपली गवळन नदी."

आन् दिसली की वो! भर अंधारात, भर धुक्यात, डाव्या अंगाला दुपारचं ऊन पडलं! खाली नदी चमकत्या, पल्याडली भातखाचरं हिरवीगार, आपल्या वाडीची कौलं दिसत्यात. माझ्या हाताकडं बघतो तर हात दिसंना. आन् ती नदी लख्ख दिसत्या!

"आता जरा उजवीकडं बघा, पावनं. ते छपराचं घर दिसलं? अंगनात बाई बसल्या बघा, पोरीला मांडीवर घिऊन. ते माझं घर."

मी डोळं मिटलं. मिटून बी दिसायलं! भागावैनी दिसली. मांडीवर ही हौसा, सहा वर्सांची. वैनी कुनाची तरी वाट बघत बसली हुती. मी उठलो आन् पळालो. धुक्यात, कड्याच्या वाटंवर पळालो! कुनी शाना मानूस पळंल का? पन पळालो.

मागनं हाळी. म्होरनं हाळी. खालनं, दरीतनं बी हाळी. "हूऽऽऽऽ! म्हाळूऽऽ!" कानात बोटं घातली तरी ऐकू येतंय. घोंगडं कुठं पडलं, पायतान कुठं गेलं, पत्त्या न्हाई. आन् एकदम पाय थांबलं. मी न्हाई थांबवलं. आपसुक थांबलं. तिसरा पॉइंट. मावळतीचं टोक.

"पावनं," आवाज म्हनला, "आता त्या मोठ्या धोंड्याच्या मागं बघा. तिथं एक मानूस बसलाय."

मी बघितलं. धोंड्यामागं मी बसलो व्हतो. मीच! वर्सापूर्वीचा मी. बिडी वडत, तोंडावर हात दाबून, हसत.

आता हितनं म्होरचं मी कधी कुनाला सांगितलेलं न्हाई.

त्या दिशी सकाळी आमी दोघं पावन्यांना घिऊन आलो हुतो. मी मोठ्या तोऱ्यात बोट दावून म्हनलो, "ती बघा गवळन नदी, चालली सागराला." सिदबा हसला. "आरं म्हाळू, ती नदी न्हाई, गाडीरस्ता हाय. नदी हिकडं!" झालं. पावनं हसलं. त्यातली एक बाई तर पोट धरून हसली. एवढंच. एवढंच बरं का! त्यात काय व्हतं? पन माझ्या मनाला लागलं. दिवसभर आत आग आग झाली.

सांजच्याला पावन्यांना पोचवून आमी दोघं घराकडं निघालो. भादव्याचं दाट धुकं. सिदबा म्होरं, मी मागं. टोकाच्या वळनाला त्यानं हाळी दिली. मी ओ न्हाई दिला. म्हनलं, हुडकू दे लेकाला जरा. घाबरू दे. लई शाना समजतोय सोताला. धोंड्यामागं बसलो आन् बिडी पेटवली.

तो माघारी आला. येनारच. रीतीचा मानूस. "म्हाळू, आरं म्हाळू! लागलं का रं कुठं? बोल की रं!" माझ्यापास्नं चार हातावरनं गेला. आवाज कापत व्हता त्याचा. मी तोंडावर हात दाबला. मी पडलो आसंन म्हनून तो कड्याच्या कडंला गेला, पालथा पडून खाली वाकला, आन् खाली माझ्या नावानं हाळी दिली. पावसानं भिजलेली कड हुती. कडंची माती सुटली. हाळी अर्धीच ऱ्हायली.

गावानं इचारलं, सिदबाला तर दगड न् दगड ठावं, तो पडला कसा? काय सांगू? मी म्हनलो, "घेतली हुती त्यानं. सकाळपास्नं." बस. चार शब्द. गावानं मान डोलावली. सिदबा दारुडा झाला.

हां, तर धोंड्यामागचा मी हसताना मला दिसला, आन् मला सोसंना. मागं सरलो, आन् पायाखालची जिमीन गेली! कमरंपातूर खाली गेलो, पोरांनो! एक कारवीचं खोड हाताला लागलं, त्याला लोंबलो. खाली नदीचा आवाज. कारवीचं मूळ एकएक तुटतंय, मला ऐकू येतंय. आन् वरनं आवाज आला.

"म्हाळू, हायस का रं?"

ओ द्यावा, तर दिऊ वाटंना. भीतीनं न्हाई. शरमेनं. त्याला कुठल्या तोंडानं ओ देऊ?

"म्हाळू, हायस का?"

मूळ आनखी एक तुटलं.

"म्हाळूऽ!"

"ओऽऽ," म्हनलो मी. "ओ, सिदबा, ओ!" रडत म्हनलो. लेकरागत रडलो.

हात आला म्हना, का माझंच बळ आलं म्हना, मला ठावं न्हाई. पालथा पडलो व्हतो वर, गवतात. गार झालेलो. आन् तो माझ्याजवळ बसला व्हता. दिसत नव्हता, पन बसला व्हता. मला वाटलं, आता नरडं धरनार. धरावं, माझी ना नव्हती. पन त्यानं एकच इचारलं.

"म्हाळू, मी पिलो व्हतो का रं त्या दिशी?"

"न्हाई," म्हनलो.

"मग घरात सांग की तेवढं."

"सांगतो," म्हनलो. "उजाडलं की सांगतो. आनभाक!"

धुकं गेलं. बघतो तर कडा माझ्या पायापास्नं इतभर. रांगत, ढोपरं फोडत घरला आलो. सकाळी थेट भागावैनीच्या दारात. ती अंगन सारवत हुती. "काय भावजी, येवढ्या सकाळी?" म्हनली. आन् मी काय म्हनलो? म्हनलो, "वैनी, बिडीला इस्तू हाय का?" इस्तू घिऊन माघारी आलो. थू माझ्या जिनगानीवर!

मग उद्या सांगू, परवा सांगू. पुढं पावन्यांनी भुताची गोष्ट मागितली, तवा झिंगनारा सिदबा मी रचला. पावनं हसलं. लोकं हसलेलं बरं वाटतं मानसाला. हौसा, तुझ्या दोन सोयरिकी मोडल्या, "दारुड्याची लेक" म्हनून. तवा बी मी हितंच बसलो हुतो. पारावर. गप.

तर पोरांनो, उद्याचं ते चांदन्यातलं फिरनं रद्द करा. हातभर कठडा न्हाई तिथं. दिवसा दावा पावन्यांना काय दावायचं ते, रातीच्याला ती वाट कुनी धरायची न्हाई. सिदबाला भिऊन नगं. तो कुनाचं वाईट करनारा न्हाई. पन त्या कडंला मी लोंबलोय, मला ठावं हाय ती माती कशी हाय. आन् बंगल्यावर पुन्यांदा ते दारुड्याचं भूत कुनी सांगितलं, तर काठीनं मारीन. माझ्या काठीनं.

काय गं हौसा? मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे. "आईला सांगितलं व्हतं का?" ऐकलंत? ती इचारत्या, आईला सांगितलं व्हतं का.

न्हाई, बाई. ते आनखी ऱ्हायलं सांगायचं.

नऊ वर्सांमागं वैनी आजारी हुती, तवा मी बघाया आलो हुतो. तू पानी आनाया गेलेलीस. तिनं माझा हात धरला. म्हनली, "भावजी, आता मला काय राग न्हाई. येकदा खरं सांगा. ते पिलं हुतं का हो? मला कधी वास आला न्हाई." खोलीत दुसरं कोन न्हाई. काय जात व्हतं माझं? आन् माझ्या तोंडातनं आलं, "व्हय वैनी. पिला हुता."

तिनं माझा हात सोडला. मग म्हनली, "मग माझ्याच नाकाचं चुकलं आसंल." आन् भिताडाकडं तोंड करून निजली. पहाटं गेली.

हौसा, नगं उठू. आगं, एवढं ऐकून जा. तुझ्या आईचं नाक चुकलं नव्हतं.