तेजलच्या बस्त्याचे दोन लाख छत्तीस हजार

आता हे परत सांगायचं का? टपरीवर सांगितलं, पेन्शनीच्या रांगेत सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं, त्याचा वस्तरा थांबला तरी माझं थांबलं नाय, आणि आज तुम्ही सगळे खुर्च्या मांडून बसलात, म्हणे सहादूतात्या, ते येवल्याचं होऊन जाऊ द्या. होऊन काय जाऊ द्या? माझं बीपी वाढतं त्याच्यानं, डॉक्टरनं गोळी अर्ध्याची एक केली, आणि तुमची करमणूक! बरं, ऐका. पण सरकारनं बरोबर केलं असं म्हणणारा कुणी बसला असंल तर त्यानं आत्ताच घरी जावं, नंतर मी काय बोललो ते मनाला लावून घ्यायचं नाय.

तर माझी नात तेजल. आमच्या नवनाथची पोरगी. तिचं लग्न ठरलं आणि बस्त्याचा दिवस निघाला. ह्या पुढच्या पोरांना बस्ता माहीत नसंल, मोबाइलवर कपडे मागवणारी जात ही... बस्ता म्हणजे लग्नाचे सगळे कपडे, दोन्हीकडची मंडळी एका गादीवर बसून घेतात, चहा होतो, रुसवेफुगवे होतात, आणि शेवटी पैसे मुलीकडचा थोरला माणूस मोजतो. आमच्या घरात तरी तसंच. माझ्या आज्यानं मोजले, बापानं मोजले, दोघांनीही मोजताना सोयऱ्यांकडं तोंड करून मोजले. आता मी. मला बाकी काय हौस नाय हो, देवळात घंटा बांधायची नाय, परदेश बघायचा नाय, तेजलचा बस्ता माझ्या हातानं मोजायचा, सगळा, शेवटच्या नोटेपर्यंत, बस. त्याच्यासाठी अकरा वर्षं मी पैसे बाजूला टाकत होतो.

पैसे कुठले? हेच विचारलं ना त्यानं! येतो, त्याच्यावर येतो. सातपूरला माझं वेल्डिंगचं दुकान, शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पुढं ढकललेलं. गेट, खिडकीच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. गिऱ्हाईक कोण? कंपनीतला कामगार, भाजीवाली, रिक्षावाला. तो काय चेक देणार मला? तो खिशातनं पाचशेची नोट काढतो, घामानं ओली, मी ती वाळवतो आणि रॉडच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. मध्ये ती नोटबंदी झाली तेव्हा तोच डबा घेऊन तीन दिवस बँकेच्या रांगेत उभा राहिलो, फॉर्म भरला, अंगठा नाय, सही केली, आणि नव्या नोटा आणून परत डब्यात ठेवल्या. म्हणजे सरकारनं एकदा बघून, हुंगून, मोजून परत दिलेला पैसा हाय तो. नोट खोटी हाय का? नाय ना? मग?

बस्त्याच्या दिवशी बंडीच्या आतल्या खिशात दोन लाख चाळीस हजार घालून निघालो. पोट असं पुढं आलेलं की जीपमध्ये लताबाई, आमची घरची, म्हणाली, तुम्हालाच डोहाळजेवण करावं लागंल. हसून घेतलं मी. तेव्हा हसण्यासारखी परिस्थिती होती.

येवल्याचं दुकान, नाव नाय सांगत, माणूस वाईट नव्हता. आमची पाच माणसं, मुलाकडची चार: मुलाचे आईबाप, आत्या सुलाबाई आणि मुलाचा मामा दीपक. हा दीपक बँकेत नोकरीला. बसल्या बसल्या चष्मा पुसून सगळ्यांकडं असा बघतो, जसं काय आपण सगळे कर्ज मागायला आलोय. तीन तास साड्या उलगडल्या. लग्नाला पांढरी रेशमी, स्वागताला पैठणी, तेजलला पैठणी जांभळी पाहिजे, राखीला, म्हणजे आमच्या सुनेला, तिनं हिरवी घ्यावी असं वाटतंय, सुलाबाईंना दोन्ही पाहिजेत... होतं ते. शेवटी बिल झालं दोन लाख छत्तीस हजार. मी पुढं सरकलो. सोयऱ्यांकडं तोंड केलं. बंडीत हात घातला. पहिली गड्डी काढली, दुसरी काढली, आणि दुकानदार असा मागं सरकला, जसं काय मी खिशातनं साप काढलाय.

"काका, दोन लाख झाले की रोख घेता येत नाही. एका माणसाकडनं, एका खरेदीचे. मी घेतले तर जेवढी रक्कम तेवढाच दंड मला."

मी म्हटलं, नोट खोटी हाय का? म्हणे नाही. मग? म्हणे नियम आहे. म्हटलं म्हणजे एक लाख नव्व्याण्णव हजार घेऊन आलो तर मी साधू, आणि त्याच्यावर दोन पाचशेच्या चिकटल्या की चोर? तो बिचारा म्हणाला, काका, नियम तुम्ही केला नाही, मी पण नाही, असं करा, एक लाख नव्वद रोख द्या, वरचे शेहेचाळीस हजार कुणाच्या तरी फोनवरून येऊ द्या.

आणि इथं तो बोलला. दीपक. त्याला ना, आवाजच वेगळा फुटतो असं काही सांगायचं असलं की, नाकातनं येतो, कोपरगावच्या पुढं रेल्वे सुटल्यासारखा: "तात्या, राग मानू नका, पण हे नियम बरोबरच आहेत. मोठमोठे व्यवहार रोखीत होतात म्हणून तर देश मागं राहिला. बिल्डर अर्धे पैसे टेबलाखालून घेतात." म्हटलं मग बिल्डरला धरा की, मी तर टेबलावरून देतोय! नवनाथ मध्ये पडला, म्हणाला बाबा, त्यांचंही खरं आहे, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. माझा पोरगा हा. माझ्याच पैशानं शिकलेला. मी म्हटलं, सारखा? निवडणुकीला गल्लीत रातोरात पाकिटं येतात तेव्हा कुठं असतो हा सारखा नियम? रॉड घेतो त्याच्यावर टॅक्स देतो, पत्र्यावर देतो, बिस्किटाच्या पुड्यावर देतो, अजून काय कातडं सोलून देऊ?

तर तो दीपक काय म्हणाला... सगळ्यांसमोर. माझी विहीण बसलेली, तेजल बसलेली, चहा घेऊन आलेला माणूस उभा. म्हणाला, "तसं नव्हे तात्या, पण बँकेच्या भाषेत ज्याचा माग लागत नाही, तो पैसा काळाच."

काळा!

हे बघा हात. हे डाग दिसतात का? ही ठिणगी उडालेली, ही उडालेली, हा अंगठा जिन्याच्या कठड्यानं खाल्ला. माग लागत नाय म्हणतो. ह्याच्यावर माग हाय की, नाशकातल्या निम्म्या खिडक्यांवर माग हाय माझा, वाच म्हणावं. पण सोयरा माणूस. लग्न आठ दिवसांवर. गिळलं.

वर म्हणतो, "शेहेचाळीस हजार मी टाकतो ना फोनवरून, तुम्ही मला रोख द्या." म्हणजे बिलात नाव ह्याचं! उद्या लग्नात हाच सांगणार, बस्ता आमच्या मदतीनं झाला. नाय म्हटलं. सगळा मीच देणार. आणि मग माझ्या डोक्यात आली आयडिया. चौथी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आयडिया येऊ नये, आली तर खाली बसून ती जाईपर्यंत थांबावं, हे मला आता कळतंय.

मी दुकानदाराला म्हटलं, जो नेसणार त्याचं बिल करा. नऊ माणसं, नऊ बिलं, ज्यानं त्यानं आपलं आपण भरायचं, कुणाचेच दोन लाख होत नाय. दुकानदार छताकडं बघत म्हणाला, काका, मी काही ऐकलं नाही. दीपक शेजारीच उभा. त्यानं सगळं ऐकलं. हे ध्यानात ठेवा, त्यानं सगळं ऐकलं होतं.

मी पैसे वाटले. आमच्या माणसांना कानात सांगितलं, ही घ्या, काउंटरवर भरा. एक लाख चाळीस हजार आमच्याकडचे, बरोबर भरले गेले. मग मुलाकडचे. आता विहीणबाईंच्या कानात मी कसा बोलणार? मोठ्यानं बोलायची सोय नाय, दुकानदार छताकडं बघतोय. म्हणून मी काय केलं, प्रत्येकासमोर त्याचा कपडा ठेवला, त्याच्यावर तेवढ्या नोटा ठेवल्या, आणि हात जोडून डोळ्यानं काउंटरकडं खूण केली.

तुम्ही सांगा. मुलीच्या आज्यानं सोयऱ्याच्या हातात साडी द्यावी, वर नोटा ठेवाव्यात आणि हात जोडावेत. आपल्यात ह्याला काय म्हणतात? मान म्हणतात, मान! सुलाबाईंनी अठ्ठावीस हजार डोक्याला लावले, डोळ्यांत पाणी आणलं आणि पर्समध्ये टाकले. म्हणाल्या, "तात्या, एवढं कुणी करत नाही हो." मी खूण करतोय काउंटरकडं, त्यांना वाटतंय म्हाताऱ्याची मान लटपटते. विहीणबाईंनी बत्तीस हजार ओटीत घेतल्यासारखे पदरात घेतले. व्याह्यांनी अठरा खिशात घातले आणि मला मिठी मारली, त्या मिठीत माझा श्वास अडकला तो अजून मोकळा झालेला नाय. आणि आमची लताबाई, तिला ह्यातलं काय ठाऊक, ती वरून म्हणते, घ्या घ्या, ह्यांचा हात जन्मात एकदा सुटलाय.

राहिला कोण? दीपक. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. अठरा हजार त्याच्या सूटच्या कापडावर. म्हटलं, हा शहाणा माणूस हाय, बँकेतला, ह्यानं ऐकलंय, हा आता उठंल, काउंटरवर जाईल, पैसे भरंल, आणि त्याचं बघून बाकीचेही समजतील. त्यानं चष्मा पुसला. नोटा उचलल्या. मोजल्या बरं का, बँकेतल्यासारख्या, बोट ओलं करून. आणि खिशात घातल्या. म्हणाला, "मानाला नाही म्हणू नये."

माझ्या बंडीत दहा मिनिटांपूर्वी काळा होता हो तो. ह्याच्या खिशात गेला की मान. असं धुणं मी आयुष्यात बघितलं नाय.

दुकानदारानं हळूच सांगितलं, काका, शहाण्णव हजार राहिले. बंडीत माझ्या राहिले होते चार हजार. मागायचे कुणाकडं? मान परत मागतात का? मी उभा, पोट सपाट, सगळे कपडे काउंटरवर. आणि तेजल उठली. फोन त्या चौकोनावर धरला, आणि ती काउंटरवरची डबी, तिला आवाज कुणी दिला काय माहीत, असा ठणाणा ओरडली: "शहाण्णव हजार रुपये मिळाले." येवल्याच्या स्टँडपर्यंत ऐकू गेलं असंल. पोरीचा दीड-दोन वर्षांचा पगार साठवलेला, नव्या घरी फ्रीज घ्यायचा होता तिला. माझा हात असा पुढं आलेला, तसाच राहिला. तिनं तो धरला आणि खाली केला, म्हणाली, "आबा, चला, जेवायला उशीर होतोय." बस. एवढंच.

आणि दीपक नवनाथला म्हणतो, "बघितलंस, किती सोपं असतं हे? तात्यांना उगाच त्रास झाला."

परतीच्या वाटेवर निफाडला उरलेले चार हजार तेजलच्या हातात ठेवले, बाकीचे दर महिन्याला फेडीन, दोन गेटची कामं घेतलीत, फ्रीज तिला येणारच. सुलाबाईंवर माझा राग नाय, त्यांनी रीतीनं घेतले. विहीणबाईंवर नाय. दुकानदारावर तर नायच. सरकारवर हाय, पण सरकार काय येऊन माफी मागत नसतं, ते कागद पाठवतं.

रविवारी लग्न हाय, सगळ्यांनी यायचं. स्टेजवर मुलाच्या मामाला फेटा बांधायचाय, मान त्याचा, आणि बांधणार मी, थोरला म्हणून. बांधीन. गळ्याला नाय, डोक्यालाच बांधीन. पण काळा म्हणाला त्याची माफी राहिलीय, ती मला रोख पाहिजे, तोंडावर, कितीही मोठी असली तरी, फोनवरून आली तर घेणार नाय... पण देतोय कोण? तो देतोय होय? तो! दीपक!