शालिग्रामनाना आणि पाचवी प्रत

सन्माननीय अध्यक्ष रुपचंदभाऊ, व्यासपीठावरील संचालक, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेले आमचे हेडक्लार्क शालिग्रामनाना, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोदाअक्का आणि केळी सोसायटीच्या सभासद बंधुभगिनींनो,

मला सजवून बोलता येत नाही. घडले ते क्रमाने सांगते.

१. खंडेनवमीला नानांनी ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. नव्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचीही.

२. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी छापलेल्या प्रत्येक अक्षराच्या मधोमध कोरी रेघ आली.

३. दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या वॅगनांची यादी, पाच प्रतींत, चारच्या आत स्टेशनवर द्यायची होती. वॅगनचे आकडे वाचता येईनात. तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

४. अध्यक्षांनी यंत्र मुंबईला परत पाठवायला सांगितले.

यंत्र परत, म्हणजे ते चालवायला सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली मीही परत.

टाइपरायटरवर कार्बनची पाचवी प्रत कशी निघायची, कितीजणांना आठवते? नाना ती खिडकीपाशी उजेडात धरून वाचायचे. तरी प्रिंटर करकरला की म्हणायचे, "पोरी, तुझ्या यंत्राची दाढ दुखतेय." आमच्या टाइपिस्ट प्रमिलाबाई तर मी कधी निघणार, हे रोज विचारत. बाई समोरच बसल्या आहेत, त्या नाकारणार नाहीत.

त्या दिवशी नाना नुसते गप्प बसले असते, तरी त्यांचा टाइपरायटर जिंकला असता. ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भाऊ, मशीननी चूक नही शे. कुंकू मी लायं. मझार गयं व्हई."

पूजेत लावलेले कुंकू टिकावे म्हणून नाना ते तेलात कालवतात. प्रिंटरमध्ये नऊ बारीक सुया शाईच्या फितीवर आपटून अक्षर उमटवतात. त्यातली मधली सुई आत गेलेल्या त्या तेलकट कुंकवाने अडकली होती. नानांनी बॅटरी धरली, मी स्पिरिटने सुया पुसल्या. तीन एकोणतीसला छपाई सुरू झाली. पाचवी प्रत फिकट होती, पण प्रत्येक आकडा वाचता येत होता. पाचही प्रती घेऊन नाना स्वतः सायकलवर स्टेशनला गेले. सगळ्या वॅगना गाडीला लागल्या. यंत्र परत पाठवण्याचा तोंडी हुकूम तोंडीच राहिला. त्यानंतर स्टेशनवरून एकही यादी परत आलेली नाही.

बिघाड मी शोधला. यंत्र नानांनी वाचवले.

नाना, मी आपली आभारी आहे. सभागृहाने शांतपणे ऐकले, त्याबद्दलही आभार. बोलण्यात काही जास्त-कमी झाले असेल तर सांभाळून घ्यावे.

अध्यक्षमहोदय, यंत्र आणि ते चालवणाऱ्याची जागा कायम करावी, असा नानांच्या हातचा अर्ज आपल्या टेबलावर आहे. नाना कामावर असतानाच, म्हणजे सोमवार, ३१ डिसेंबर १९७९ पर्यंत, त्याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.