इंगवल्यांचा खांब

मंडळी, एक सांगा. बिघडलेलं झाकलं, की ते दुरुस्त झालं म्हणायचं का? नाही म्हणताय? माना तर सगळ्यांच्या हलल्या. छान. ऐका मग.

निंबोडी नावाचं गाव. तिथल्या देवळाचा सभामंडप लाकडी खांबांवर उभा. आणि खांब वाटून दिलेले बरं का — हा इंगवल्यांचा, हा भोइट्यांचा, हा गुरवांचा. ज्याचा खांब त्यानंच राखायचा. वर आणखी एक नियम — ज्याचा खांब खराब, त्या घरानं सप्ताहात वीणा धरायची नाही. का? तर लोकांनी काळजी घ्यावी म्हणून. अहो, घेतली की लोकांनी काळजी! दरवर्षी सप्ताहाआधी ऑइल पेंटचा हात. असे चकाचक खांब, की त्यात बघून भांग पाडावा!

यंदा मंडपाचं काम निघालं. देखरेखीला सर्जेराव इंगवले. माणूस कडक. सुताराला म्हणाला, एकेक खांब ठोकून बघ. सुतारानं पहिला ठोकला तो इंगवल्यांचाच — आवाज पोकळ! रंग खरवडला, तर खाली पत्रा. पत्रा उचकटला, तर आत लाकूडच नाही. बुडखा वाळवीनं खाल्लेला, त्यात विटांचे तुकडे कोंबलेले, वरून सिमेंट थापलेलं. आणि याच खांबाला टेकून बाया लेकरं मांडीवर घेऊन बसायच्या, मंडळी. माझ्या तर अंगावर काटा येतो.

कुणी केलं हे? सर्जेरावाला विचारावं लागलं नाही. त्याचे वडील रंगराव समोरच ओट्यावर बसलेले, मान खाली घालून. शरीर थकलेलं. वर्षभर एकच ध्यास — सप्ताहाच्या पहिल्या दिवशी वीणा आपल्या गळ्यात पडावी. पुढच्या साली आपण असू नसू, असं घरात सारखं म्हणायचे.

भावकी जमली. म्हणाली, सप्ताह तोंडावर आलाय, म्हाताऱ्याची वीणा जाईल, पत्रा परत ठोक. सर्जेराव एवढा कडक, पण पत्रा हातात धरून उभाच राहिला. बापाच्या तोंडाकडे बघवेना त्याला.

शेवटी रंगरावच उठले.

"सर्जा, ठेव त्यो खाली. मीच ठोकलाय. वीणा जाईल म्हणून ठोकला. आता त्यापायी कुणाचं लेकरू चेंगरायचं का?"

मग भोइट्यांच्यातला एक जण हळूच सुताराला म्हणाला, आमचाबी बघा जरा. मग गुरव पुढं आले. मंडळी, ज्याला ठोकावं तो पोकळ! प्रत्येकाला वाटायचं, आपलाच तेवढा सडका, बाकीच्यांचे धड.

आता पंचाईत! नियमानं वीणा धरायला एक घर उरलं नाही. आणि वीणा तर सप्ताहभर खाली ठेवायची नसते. पंच डोकं खाजवत बसले. तेव्हा भोइट्यांची पार्वताबाई म्हणाली, "ज्यानं आधी कबूल केलं, त्याच्या गळ्यात घाला."

तशीच घातली. मंडपाला टेकू लावले, कीर्तन अंगणात झालं, आणि रंगराव वीणा घेऊन उभे राहिले ते रडतच. मग सगळ्या गावानं मिळून सगळे खांब बदलले. हा तुझा, हा माझा करत बसले नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो. इथं असे किती जण बसलेत, ज्यांचा सख्ख्या भावाशी अबोला आहे? पुतणीच्या लग्नात शेजारी उभं राहून फोटो काढलात, हसलात, घरी आलात. मिटलं का ते? नाही मिटलं. उद्या सकाळी त्याच्या दारात जा. आपलं काय चुकलं तेवढंच बोला, त्याचं काय चुकलं ते नको. तो आधी बोलेल म्हणून थांबू नका, माउली. तोही तिकडं तुमच्यासाठीच थांबलाय.